पालीचे शेपूट आणि आजोबांचे गुडघे

पालीचे शेपूट तुटले तर पुन्हा उगवते; मग आजोबांच्या झिजलेल्या गुडघ्यांनीच काय पाप केले? हा प्रश्न आता थट्टेचा राहिलेला नाही. ‘मूलपेशींचे इंजेक्शन घ्या, तारुण्य परत मिळवा’ अशा जाहिराती मोबाइलवरून अमरावती-अकोल्याच्या घरांतही शिरल्या आहेत. तेव्हा वाचकहो, मुदतठेव मोडण्यापूर्वी शास्त्र काय म्हणते ते पाहू या.

डबक्यातल्या गोड्या पाण्यात हायड्रा नावाचा एक इवलासा जीव राहतो. १७४० च्या सुमारास हॉलंडमध्ये मुलांची शिकवणी करणाऱ्या आब्राहाम ट्रेंबले यांनी तो मधोमध कापला, तर दोन्ही तुकड्यांचे दोन पुरते हायड्रा झाले! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी याच जीवाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तिथल्या एका हायड्राच्या नावात तर ‘पुणे’ हा शब्दही आहे. हायड्राला म्हातारपण जवळजवळ शिवत नाही, कारण त्याच्या मूलपेशी अखंड नव्या पेशी घडवीत असतात.

मूलपेशी आपल्यातही आहेत. हाडांतल्या मगजात त्या दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या रक्तपेशी घडवतात. गुडघ्याच्या कूर्चेत मात्र रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून तिची डागडुजी फार अवघड. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या त्वचेतील पेशींना मूलपेशींसारखे रूप दिले व २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळवले. पण प्रयोगशाळेपासून दवाखान्यापर्यंतची वाट लांबची असते.

मूलपेशींचा खरा, सिद्ध उपयोग आपल्या वऱ्हाडाच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. १९५८ सालीच नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. जुळणाऱ्या भावंडाचा मगज मिळाला, तर त्यातील मूलपेशींनी हा आजार बरा होऊ शकतो. उपचार खर्चाचा आहे, जोखमीचाही आहे. पण ती जाहिरात नव्हे, वैद्यक आहे. बाळाची नाळ पैसे भरून जपणाऱ्यांनी एक ध्यानी ठेवावे: सिकलसेल असलेल्या बाळाच्या नाळेतही तोच दोष असतो, म्हणून ती त्याच्या स्वतःच्या या आजारावर कामाची नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचे मूलपेशी-रोपण मान्य. बाकीचे सारे तेव्हा प्रयोगाच्या पायरीवर होते. आणि प्रयोगात भाग घेणाऱ्या रोग्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी मागितलेच, तर तिथेच सावध व्हावे!

मग म्हातारपणी हातावर हात धरून बसायचे काय? मुळीच नाही. आपल्या स्नायूंतही मूलपेशी निजलेल्या असतात आणि व्यायाम त्यांना जागे करतो. १९९० साली अमेरिकेत नव्वदीतल्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून हेच तर सांगितले! डॉक्टरांना विचारून आजोबांनी खुर्चीवरून दहा वेळा उठबस करावी. या औषधाला दमडी लागत नाही.