प्रवरातीरीचें खापर व झिलईचें देवशिल्प

प्रवरा व म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेरच्या परिसरांत माती व पाषाण या दोन्ही द्रव्यांवरील हस्तकौशल्याचे पुरावे सांपडतात. जवळच्या जोर्वें गांवीं इ. स. १९५०–५१ मध्यें डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनीं उत्खनन केलें. तेथील तांबड्या अंगाचीं, काळ्या नक्षीचीं, चाकावर घडविलेलीं भांडीं तीन हजार वर्षांहून जुनीं असून तीं इतकीं पक्कीं भाजलेलीं आहेत कीं, टिचकी मारतांच खणखणतात. मात्र त्यांवर काचेसारखी झिलई नाहीं. प्रवरेच्या उगमाकडे रतनवाडीस अमृतेश्वराचें मंदिर आहे. तेथील देवशिल्पें मातीचीं नसून पाषाणांत कोरलेलीं आहेत. चिरस्थायी देवशिल्पासाठीं आपल्याकडे भाजलेली माती मागें कां पडली, या प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

तुलनेसाठीं इटलींतील फ्लॉरेन्स नगराचें उदाहरण घेऊं. तेथील लुका देल्ला रॉबिया हा मुळांत संगमरवराचा शिल्पी. मुख्य देवळांतील गायकांचा सज्जा त्यानें इ. स. १४३१ ते १४३८ या काळांत संगमरवरांत कोरला. पुढें त्यानें मातीच्या उठावाच्या शिल्पास झिलई देण्याची रीत सिद्ध केली. शिल्प प्रथम भाजावयाचें, मग त्यावर शिसें, वाळू व कथलाची भस्म यांचा लेप देऊन तें पुन्हा भट्टींत घालावयाचें. कथलामुळें लेप अपारदर्शक व शुभ्र होतो. मोठें शिल्प तुकड्यांनीं भाजून जागेवर सांधीत. त्याच देवळांतील ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचें शिल्प (इ. स. १४४२–४५) या रीतीचें आहे: निळ्या पार्श्वभूमीवर शुभ्र आकृति. मातीचें शिल्प संगमरवराहून स्वस्त पडे. शिवाय सांचा असल्यास एकच शिल्प पुनःपुन्हा काढतां येई. त्याचा पुतण्या आंद्रेआ यानें अनाथ बालकांच्या आश्रमाच्या दर्शनी भागावर इ. स. १४८७ च्या सुमारास बसविलेलीं, बाळोत्यांत गुंडाळलेल्या अर्भकांचीं वर्तुळशिल्पें प्रसिद्धच आहेत.

झिलईची विद्या दक्षिणेंत अज्ञात होती, असें मात्र नाहीं. लुकाचें उपर्युक्त शिल्प पुरें होत होतें त्याच सुमारास, हि. स. ८४९ (इ. स. १४४५) मध्यें, अलाउद्दीन अहमदशहा बहामनी याच्या कारकीर्दींत दौलताबादेस चांदमिनार उभा राहिला, त्यावर मुळांत झिलईच्या इराणी फरशा होत्या. बेदरास महमूद गवानाच्या मदरशावर (इ. स. १४७२) अशा फरशांचे अवशेष अद्यापि दिसतात. परंतु त्यांवर अक्षरें, वेली व भूमितीच्या आकृति आहेत, मूर्ति नाहीं. म्हणजे ती विद्या येथें आली ती भिंतीचें भूषण म्हणून. देवतेच्या अंगास ती लागली नाहीं.

आमच्या मतें याचीं दोन कारणें संभवतात. पहिलें, सह्याद्रीच्या आश्रयास कठीण काळा पाषाण विपुल आहे. जेथें दगड दुर्मिळ, त्या बंगालांतील विष्णुपूरच्या देवळांवर भाजलेल्या मातीचींच उठावाचीं शिल्पें आहेत. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. आपल्या पूजाविधींत पार्थिव मूर्ति घडवावयाची, तींत प्राणप्रतिष्ठा करावयाची आणि शेवटीं विसर्जन करून ती पाण्यास परत द्यावयाची, असा क्रम आहे. जी माती परत जाण्यासाठींच घेतली, तिला काचेचें कवच घालणें त्या विधीच्या हेतूसच विरुद्ध होय. फ्लॉरेन्सच्या शिल्प्यास माती चिरंतन करावयाची होती. आपल्या उपासकास तिचें परत जाणेंच इष्ट होतें.

तेव्हां झिलईच्या देवशिल्पाचा अभाव हें कौशल्याच्या अभावाचें लक्षण समजूं नये. अभ्यासकांनीं मूर्ति व शिलालेख यांबरोबरच नदीकांठचें खापर व पडक्या इमारतींतील फरशीचा तुकडा यांचीही, जागेच्या उल्लेखासह, नोंद ठेवावी. जागा नोंदल्याविना उचललेला तुकडा इतिहासास मुका होतो.