रीलमधलं गाणं

जुलै 2024 च्या अखेरीस तळेगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या एचआरचा फोन आला. आठच दिवसांपूर्वी आम्ही तिथे एका कर्णबधिर मुलाला पॅकिंगच्या कामावर लावलं होतं. "मॅडम, व्हॉट्सअ‍ॅप बघा, एक रील पाठवलंय." रील आदल्या पावसाळ्यातलं होतं. भुशी डॅमच्या पायऱ्या, घोट्याच्या वर पाणी, आणि आमचा पोरगा भिजलेल्या टी-शर्टात नाचतोय. एकही ठेका चुकत नाही. "ऐकू येत नाही ना त्याला? मग तालावर कसा काय नाचतो?"

त्या महिन्यात असा प्रश्न कुणीही विचारला असता. पुण्यात परिविक्षाधीन अधिकारी म्हणून रुजू झालेल्या पूजा खेडकर यांच्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ चालू होता. 31 जुलैला यूपीएससीने त्यांची उमेदवारी रद्द केली. आरोप त्यांनी नाकारले, प्रकरण कोर्टात गेलं, तो भाग वेगळा. पण दरम्यान घराघरांत एकेक तपासनीस तयार झाला. तेलंगणातले अधिकारी प्रफुल देसाई यांचे सायकलवरचे, घोड्यावरचे फोटो शोधून लोक विचारू लागले, हा कसला दिव्यांग? एका पायाला पोलिओ आहे, म्हणून चालता किंवा सायकल चालवता येत नाही असं नाही, हे त्यांना सगळ्यांसमोर समजावून सांगावं लागलं. प्रमाणपत्रावरचे 40 टक्के म्हणजे माणसाचं 40 टक्के आयुष्य बंद, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. मी या कामाला लागले तेव्हा माझीही होती.

रीलचा उलगडा मला आधीपासून ठाऊक होता, कारण त्यानेच मला तो सांगितला होता. नाचताना गाणं वाजतच नव्हतं. कॅमेऱ्यामागे उभा मित्र बोटांनी एक-दोन-तीन-चार मोजत होता. गाणं मागाहून चढवलं, तेही मित्राने निवडलेलं. त्या रीलवर कोणतं गाणं आहे, हे नाचणाऱ्यालाच माहीत नव्हतं.

मी हे सगळं एचआरला घडाघडा सांगून टाकलं. पोराची नोकरी वाचवायची होती, दुसरं काही सुचलं नाही. एचआरची शंका मिटली, तो मनापासून खूश झाला, आणि त्या भरात त्याने रीलखाली कमेंट लिहिली: ऐकू येत नसूनही काय जबरदस्त नाचतोस! पुढे टाळ्यांचे हात.

त्या पोराला चारेक हजार फॉलोअर होते आणि तो बहिरा आहे हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. जगात तेवढी एकच जागा होती, जिथे तो नुसता नाचणारा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी तो केंद्रात आला, माझ्यासमोर बसला आणि खुणेने विचारलं, तुला कुणी सांगायला सांगितलं होतं?

मावळात दिव्यांगांना नोकरीला लावायचं हे काम मी समुपदेशक म्हणून 2011 पासून करते आहे: प्रमाणपत्र, प्रशिक्षण, मुलाखत, मग नोकरीतले पहिले सहा महिने. तेव्हा केंद्रात एकच संगणक होता आणि मुलांकडे बटणांचे फोन. कर्णबधिर मुलांचे एसएमएस यायचे, 'मी काम कुठे', 'उद्या लोकल किती'. त्यांच्या खुणांच्या भाषेची वाक्यरचनाच तशी. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि कामशेत स्टेशनच्या बाकांवर वेगळंच दृश्य दिसू लागलं. खुणा करायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला आणि समोर बसून पोरं व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बोलतायत. लोकल आली तरी बोलणं संपत नसे. या पोरांच्या हातातला मोबाइल काढून घ्या म्हणणाऱ्या पालकांना मी त्या बाकापाशी नेऊन उभं करायचे.

नियम म्हणाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची व्यावसायिक आचारसंहिता आहे, पण ती 1998 ची. तेव्हा फेसबुकही नव्हतं. अमेरिकेतल्या समुपदेशकांच्या संघटनेने 2014 च्या संहितेत लिहून ठेवलं की, संमतीशिवाय अशिलाच्या सोशल मीडियात डोकावू नये. वाचायला छान आहे. पण तिथे बहुधा डोकावायला मुद्दाम जावं लागत असेल. इथे कामाचा नंबर तोच व्हॉट्सअ‍ॅपचा, आणि त्यांचं स्टेटस आपण न बोलावता दारात येऊन उभं राहतं.

तसंच एक स्टेटस 2018 मध्ये आलं. बायपोलरचा त्रास असलेला एक तरुण, दोन दिवसांनी त्याची मुलाखत. गोळ्या वेळेवर घेतो म्हणून आदल्याच दुपारी सांगून गेलेला. सकाळी उठून बघते तर रात्री अडीचपासून पहाटे पाचपर्यंत सोळा स्टेटस: लोहगडाचे फोटो, स्वतःच्या कंपनीची घोषणा, मित्रांना देणग्या. झोप उडाली की पुढे काय होतं हे त्याच्या घरच्यांना आणि मला माहीत होतं. पण ही माहिती त्याने मला दिली होती का? स्टेटस सगळ्यांसाठी होतं, समुपदेशकासाठी नव्हतं. मी त्याच्या भावाला फोन केला. भावाने त्याला डॉक्टरांकडे नेलं, मुलाखत हुकली, आणि त्याने मला आठ महिने ब्लॉक केलं. आजही मी फोन केलाच असता. फक्त पहिला त्याला केला असता.

लॉकडाउनमध्ये सगळंच मोबाइलवर आलं. जून 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं, तेव्हा आमच्या दोन मुली खरोखरच रडल्या. एकीची बऱ्यापैकी कमाई चालू झाली होती. पुढे एकाने स्वयंरोजगाराच्या कर्जासाठी रिंग लाइट, ट्रायपॉड आणि मोबाइल असा प्रस्ताव आणला. आमचे नमुने शिलाई मशीन, झेरॉक्स आणि शेळीपालनाचे. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं यावर आम्ही दुपारभर खल केला आणि शेवटी 'फोटोग्राफी' लिहून मोकळे झालो. ती लबाडी होती की सोय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सगळ्यात जुनी गोष्ट मात्र माझ्या मोबाइलची आहे.

3 डिसेंबर 2016, जागतिक अपंग दिन. एव्हाना 'दिव्यांग' शब्द रुळत होता. पवन मावळातल्या एका मुलीला लोणावळ्यात चिक्कीच्या पॅकिंगचं काम मिळालं होतं. स्किझोफ्रेनियातून सावरायला तिला चार वर्षं लागली होती. पहिल्या पगाराचं पाकीट हातात धरून ती हसत उभी होती, मी फोटो काढला आणि संस्थेच्या फेसबुक पानावर टाकला. खाली नाव, गाव, आजार आणि 'जिद्दीची कहाणी'. देणगीदारांना असं आवडतं. संमती होती की! प्रवेशाच्या वेळी भरून घेतलेल्या इंग्रजी फॉर्मवर शेवटून दुसरी ओळ, तिच्याखाली तिची सही. तिने ती ओळ वाचली नव्हती. खरं सांगायचं तर मीही कधी नीट वाचली नव्हती.

2019 मध्ये तिचं लग्न जमत आलं होतं. सुपारी फुटायची बाकी होती. मुलाच्या मामाने मुलीचं नाव मोबाइलवर टाकलं आणि पहिला आमचाच फोटो आला. स्थळ मोडलं. मुलाकडच्यांना आजाराचं सांगायला हवं होतं, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. तिची आईही सांगणारच होती, देवळात, दोन्हीकडची मोठी माणसं बसली की. ते कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचं, हे तिच्या हातात होतं. मी ते तीन वर्षं आधीच सांगून बसले होते. आई केंद्रात आली, भांडली नाही. "ताई, तेवढा फोटू काढा," एवढंच म्हणाली आणि मी काढेपर्यंत समोर बसून राहिली. दहा मिनिटं लागली.

मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्यात, संस्थेत उपचार घेणाऱ्या रुग्णाचा फोटो संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, असं स्वतंत्र कलमच आहे. विदासंरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. आमचा फॉर्म आम्ही त्याआधीच बदलला. मराठीत केला, फोटोची सही वेगळी, आजाराच्या उल्लेखाची वेगळी, आणि दर वर्षी नव्याने विचारायचं. विचारू लागल्यापासून निम्म्याहून जास्त जण नाही म्हणतात. म्हणजे आधीची सगळी वर्षं तेही मनात नाहीच म्हणत होते.

एक मला खटकतं. आम्हा समुपदेशकांच्या बैठकांत चर्चा नेहमी त्यांच्या मोबाइलची होते. अशील काय टाकतो, कंपनी काय बघेल, काढून टाक म्हणावं की नाही. 2024 नंतर तर पोरं स्वतःच विचारत येऊ लागली, ताई, ट्रेकचे फोटो काढू का? मी काढ म्हणत नाही. पण ठेव म्हणतानाही जीभ अडखळते, कारण प्रमाणपत्राच्या पडताळणीचं पत्र आलं तर त्या फोटोचा जाब मला विचारणार नाहीत, त्याला विचारतील. आणि इतक्या वर्षांत आमच्या अशिलांचं नुकसान झालं ते त्यांच्या खोडसाळ पोस्टमुळे क्वचितच. ते झालं आमच्या कौतुकामुळे.

त्या नाचणाऱ्या पोराने ते अकाउंट बंद केलं. नोकरी टिकली आहे. दुसरं अकाउंट नक्की असणार, पण मी शोधलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं स्टेटस मला दिसत नाही, बाकीच्यांना दिसतं.

चिक्कीवाल्या मुलीचा फोटो फेसबुकवरून गेला, तरी 2016-17 च्या छापील वार्षिक अहवालात तो आहेच, पान चौदा, रंगीत. शंभरेक प्रती उरल्या आहेत. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत नव्या पोरीने विचारलं, रद्दीत घालू का? रद्दी तळेगावात जाते, तिथून भेळवाल्यांकडे. म्हणजे पान चौदाचे पुडे बांधले जाणार. सगळ्या प्रतींतून ते एक पान फाडायचं तर बसून दोन दुपारी जातील. मी नको म्हटलं, आणि कपाटाला पुन्हा कुलूप घातलं.