आकृतिबंध व बहुमाध्यम साधने (अध्यापन)

आकृतिबंध म्हणजे एखाद्या विषयातील घटक आणि त्यांचे परस्परसंबंध शब्द, चौकटी, रेषा व बाण यांच्या साहाय्याने एकाच दृष्टिक्षेपात मांडणारी रचना होय. संकल्पनाचित्र, ओघतक्ता, कालरेषा, वेन आकृती आणि तुलनातक्ता हे तिचे नेहमीचे प्रकार. ध्वनी, चित्र, चित्रफीत व मजकूर यांचा एकत्रित वापर करणाऱ्या साधनांना बहुमाध्यम साधने म्हणतात. महाराष्ट्रात दहावीच्या भाषाविषयांच्या कृतिपत्रिकेमुळे ‘आकृती पूर्ण करा’ ही सूचना घरोघरी पोहोचली आहे. तथापि आयती आकृती भरणे आणि आकृती स्वतः रचणे यांत मोठे अंतर आहे. अध्यापनातील तिचे मूल्य मुख्यतः रचण्यावर अवलंबून असते.

पूर्वपीठिका

चित्रांच्या आधारे शिकवण्याची कल्पना जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे मुलांसाठीचे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये प्रसिद्ध झाले. संकल्पनाचित्राचा जन्म मात्र अलीकडचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी मुलांची विज्ञानाची समज कशी बदलत जाते, याचा अभ्यास करीत होते. मुलांच्या मुलाखतींतून दिसणारी समज नोंदवण्यासाठी त्यांनी १९७२ च्या सुमारास ही पद्धत योजली. नवे ज्ञान आधीच्या ज्ञानाशी जोडले गेले तरच ते अर्थपूर्ण ठरते, हा डेव्हिड ऑसुबेल यांचा सिद्धान्त तिच्या मुळाशी होता. म्हणजे फळ्यावर लटकवण्याचा तक्ता म्हणून ती जन्माला आली नाही; मुलाच्या मनात काय आहे ते पाहण्यासाठी ती निघाली. ही गोष्ट पुढे बरीचशी विसरली गेली.

कोल्हापुरात परिसरातील अनुभवाला शिक्षणाचा आधार मानणारी परंपरा आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये येथे सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय हे त्याचे परिचित उदाहरण.

पंचगंगेच्या पुराचे संकल्पनाचित्र

शाहूपुरी ही शाहू महाराजांनी वसवलेली कोल्हापुरातील व्यापारपेठ. तेथील कुंभार गल्लीत गणेशमूर्ती घडतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या भागात पाणी शिरले. तेथील विद्यार्थ्याला ‘पूर का येतो?’ असे विचारले, तर ‘पाऊस’ आणि ‘पूर’ यांच्यामध्ये एक बाण काढून तो मोकळा होण्याचा संभव असतो. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि संकल्पनाचित्राचे काम येथूनच सुरू होते.

प्रथम घटक गोळा करावेत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व गुप्त मानली जाणारी सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा तयार होते. भोगावतीवर राधानगरी धरण आहे; जलाशय भरला की त्याचे ७ स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेस मिळते. शहरातून वाहणारा जयंती नाला पंचगंगेतच उतरतो.

आता प्रत्येक बाणावर क्रियापद लिहावयाचे. हा नियम लहान दिसतो, पण सारा कस येथेच लागतो. ‘कृष्णा’ आणि ‘पंचगंगा’ यांमध्ये नुसती रेषा काढणे सोपे. ‘कृष्णेची पातळी वाढली की पंचगंगेचे पाणी ओसरण्यास उशीर लावते’ असे लिहिण्यासाठी संबंध समजलेला असावा लागतो. त्याचप्रमाणे नदी फुगली की नाल्याचे पाणी पुढे न जाता मागे तुंबते, हे नोंदवताना विद्यार्थ्याला कळते की आपल्या गल्लीत येणारे पाणी नदीच्या बाजूने थेट चालून येतेच असे नाही. बाण चुकीच्या दिशेने काढला असेल तर शिक्षकाने तो लगेच खोडू नये. चुकलेला बाण कोणत्याही गुणपत्रकापेक्षा अधिक सांगतो.

महाराष्ट्रातील बहुमाध्यम साधने

शैक्षणिक चित्रफितींच्या निर्मितीसाठी पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. २०१७ मध्ये ती बंद पडली. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून ध्वनिफिती, चित्रफिती व गोष्टी मुलांपर्यंत नेल्या. त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि पुरस्काराच्या १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरही क्यूआर कोड छापले जातात.

टाळेबंदीच्या काळात अनेक घरांत स्मार्टफोनच नव्हता. तेव्हा सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत आशा मराठी विद्यालयाने सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर धडे, अक्षरे व आकृत्या रंगवल्या. मुले अंतर राखून त्या गल्ल्यांत शिकू लागली. बहुमाध्यम म्हणजे पडदा व वीज, ही समजूत या भिंतींनी खोटी ठरवली.

चित्रफितीची मांडणी कशी असावी, यावर रिचर्ड मेयर यांचे संशोधन महत्त्वाचे मानले जाते. विषयाशी संबंध नसलेली चित्रे व संगीत काढून टाकल्यास शिकणे सुधारते. तसेच चित्रासोबत निवेदन ऐकवताना तोच मजकूर पडद्यावरही दाखवला, तर लक्ष विभागले जाते. वर्गात चित्रफीत मध्येच थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारणे हा यावरील जुना, बिनखर्चाचा उपाय आहे.

मर्यादा

कृतिपत्रिकेतील चौकटी अनेकदा उताऱ्यातील शब्द जसेच्या तसे उचलून भरता येतात. चार चौकटी, चार शब्द, दोन गुण! उतारा न कळताही ती आकृती ‘पूर्ण’ होते. शब्दांमधील नाते विचारणारी चौकट तयार करणे शिक्षकाला कष्टाचे असते आणि तिचे एकच नमुना-उत्तर नसल्याने तपासणेही कठीण जाते. मोठ्या वर्गात प्रत्येकाचे संकल्पनाचित्र वाचणे शक्य होत नाही. गटाने एकच चित्र काढून ते फळ्यावर समजावून सांगणे, हा त्यावर सोयीचा मार्ग. दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी जाड पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून बाण व बटणे लावून घटक दाखवता येतात; अशा उठावाच्या आकृतीवर डोळस मुलेही बोटे फिरवून पाहतात.