तृतीयपंथी, राखीव जागा आणि वैद्यकीय दाखला : भादली बुद्रुक प्रकरणाच्या अनुषंगाने

प्रस्तावना :

तृतीयपंथीयांविषयीचे वैर म्हटले की टिंगल, मारहाण, घरातून हाकलणे या गोष्टी चटकन डोळ्यांपुढे येतात. शासनव्यवहारातील वैर मात्र बहुधा आवाज न करता येते. ते एखाद्या अर्जाच्या रकान्यात असते, छाननीच्या टेबलावर असते. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हेच घडले. प्रस्तुत लेखात या प्रकरणाचा आणि त्यातून आरोग्यसेवेपर्यंत पोहोचणाऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

भादली बुद्रुक प्रकरण :

जानेवारी 2021 च्या निवडणुकीसाठी अंजली पाटील यांनी सर्वसाधारण महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवर नामनिर्देशनपत्र दाखल केले. त्या तृतीयपंथी असून त्यांनी स्त्री ही आपली ओळख स्वीकारली होती. 31 डिसेंबर 2020 रोजी छाननीत त्यांचा अर्ज बाद झाला. त्या तृतीयपंथी आहेत, जागा महिलांची आहे आणि तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र राखीव जागा नाही, असे कारण पुढे आले. वरकरणी हे कारण नियमाला धरून वाटते. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, स्त्री म्हणून जगणाऱ्या या व्यक्तीला महिलांच्या जागेवर प्रवेश नाही आणि तिच्यासाठी दुसरी जागा तर निर्माणच झालेली नाही. महाराष्ट्रात पंचायतींमधील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, हे लक्षात घेता ही अडवणूक किरकोळ ठरत नाही.

अर्ज मागे घेण्याची मुदत 4 जानेवारीला संपत होती. अंजली पाटील यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे धाव घेतली आणि 2 जानेवारी 2021 रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांचा अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला. तेव्हा लागू असलेल्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, 2019 च्या कलम 4(2) ने स्वतःला जाणवणारी लिंगओळख बाळगण्याचा हक्क दिला होता. आदेशाचा आधार तोच होता. 15 जानेवारीला मतदान झाले, 18 तारखेला मोजणी झाली आणि अंजली पाटील निवडून आल्या. गावाने जो निर्णय काही दिवसांत सहज घेतला, तो घेण्याची संधी मिळण्यासाठी उच्च न्यायालय गाठावे लागले, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे.

दोन दशकांपूर्वी अशा प्रकरणाचा शेवट निराळा झाला होता. मध्य प्रदेशातील कटनी येथे महिलांसाठी राखीव महापौरपदावर कमला जान मतदारांच्या कौलाने निवडून आल्या होत्या. त्या कायद्याच्या दृष्टीने पुरुष आहेत, असे ठरवून त्यांची निवड रद्द झाली आणि 2003 मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कटनी आणि भादली यांच्यामध्ये 15 एप्रिल 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा ‘नालसा’ निवाडा उभा आहे. आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा अधिकार त्या निवाड्याने मान्य केला.

तरीही भादलीच्या आदेशाकडे केवळ विजय म्हणून पाहणे पुरेसे नाही. पुढे कधीही संधी साधण्यासाठी आपण पुरुष ही ओळख स्वीकारणार नाही आणि उद्या तृतीयपंथीयांना स्वतंत्र आरक्षण मिळाले तर तो अपवाद वगळता स्त्री हीच ओळख कायम ठेवू, अशी हमी अंजली पाटील यांच्या वतीने देण्यात आली आणि न्यायालयाने ती नोंदवून घेतली. अन्य कोणत्याही महिला उमेदवाराकडून अशी आजन्म हमी घेतली जात नाही. हक्क मान्य झाला, पण संशय शिल्लक राहिला.

या संशयाला इतिहास आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने उत्तर हिंदुस्थानातील हिजड्यांची नोंदवही सुरू केली. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेशात सार्वजनिक ठिकाणी दिसणे हा गुन्हा ठरला. दत्तक घेणे, मृत्युपत्र करणे हे अधिकारही गेले. खानदेश इंग्रजी अमलाखालील मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे हा भाग येथे थेट लागू नव्हता. परंतु अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे निजामाच्या राज्यात 1329 फसलीचा, म्हणजे 1919 चा, याच धर्तीचा कायदा होता. औरंगाबाद तेव्हा त्याच राज्यात होते. तेलंगणात तो कायदा पुस्तकात टिकून राहिला आणि जुलै 2023 मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

आरोग्यसेवा आणि कायद्याचे सावट :

उपचार करणारेही या सावटातून सुटलेले नाहीत. भारतीय दंड संहितेच्या कलम 320 मध्ये जबर दुखापतीच्या प्रकारांत पहिलाच प्रकार पुंस्त्वहरण हा होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्येही तो आहे. संमतीने आणि रुग्णाच्या हितासाठी केलेल्या उपचाराला कायद्याचे संरक्षण आहे, हे खरे. पण संरक्षण असणे आणि निर्धास्त वाटणे यांत अंतर असते. 2001 मध्ये लखनौला एड्स प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना कलम 377 चा आधार घेऊन अटक झाली आणि त्यांना सुमारे दीड महिना तुरुंगात काढावा लागला. सज्ञान व्यक्तींमधील संमतीच्या संबंधांपुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते 6 सप्टेंबर 2018 रोजी.

2019 च्या मूळ अधिनियमाने डॉक्टरला आणखी एका जागी आणून बसवले. कलम 15 ने लिंगबदल शस्त्रक्रिया, संप्रेरक उपचार आणि समुपदेशन यांची जबाबदारी शासनावर टाकली. कलम 7 ने मात्र शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष असा दाखला हवा असल्यास रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचे किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आवश्यक केले. म्हणजे उपचार करणाऱ्याचा कागद हाच ओळखीचा पुरावा झाला. धुळे आणि जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण अशा शस्त्रक्रिया प्रामुख्याने महानगरांत होतात. शेतमजुरीवर किंवा मागून आणलेल्या पैशावर जगणाऱ्या व्यक्तीला गाडीभाडे, मुक्काम, औषधपाणी हे सारे पेलले तरच तो कागद हाती येणार. शिवाय शरीरावर शस्त्र चालवून घेण्याची इच्छा नसलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. अंजली पाटील यांचा निकाल स्वतःच्या जाणिवेवर आधारलेला होता, शस्त्रक्रियेच्या दाखल्यावर नव्हे, याचे महत्त्व येथे कळते.

सप्टेंबर 2024 मध्ये वंचित बहुजन आघाडीने जळगाव जिल्ह्यातील रावेर विधानसभा मतदारसंघातून शमिभा पाटील या तृतीयपंथी कार्यकर्तीची उमेदवारी जाहीर केली. विधानसभेत त्या वेळी महिलांसाठी राखीव जागाच नव्हत्या, त्यामुळे कोणत्या रकान्यात अर्ज भरावा हा वाद तेथे उद्भवण्याचे कारण नव्हते. 2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने विधानसभांमध्ये महिलांसाठी एक तृतीयांश जागांची तरतूद केली आहे. त्या जागा प्रत्यक्षात राखीव होतील तेव्हा भादली बुद्रुकच्या छाननीत विचारला गेलेला प्रश्न विधानसभेच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांपुढेही येणार आहे.