गर्भस्थ बाळाच्या यकृतातील गाठ

'गाठ' हा शब्दच असा आहे, की तो कानी पडताच कर्करोग डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यातून ती गाठ अजून जन्माला न आलेल्या बाळाच्या यकृतात आहे असे कळल्यावर आईबापांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना आपणा सर्वांस करता येईल. म्हणून आम्ही आरंभीच सांगून टाकतो: असल्या गाठी फार विरळा, आणि ज्या आढळतात त्यांतील बहुतेक कर्करोगाच्या नसतात. मात्र तेवढ्यावरून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत. भीती वाटायची ती गाठीच्या नावाची नव्हे, तर तिच्या वागण्याची.

गर्भ दिसतो तो सोनोग्राफीमुळे. इयन डोनाल्ड या ग्लासगोच्या प्रसूतितज्ज्ञाने धातूतील तडे शोधणारे कारखान्यातले यंत्र माणसाच्या पोटावर लावून पाहिले आणि 1958 साली आपला निबंध छापला. तो निबंध पोटातील गाठींविषयीच होता, हा एक योगायोगच! आज पाचव्या महिन्याच्या सुमारास गर्भाची अंगोपांगे तपासली जातात. पण यकृतातील गाठ तेव्हा बहुधा दिसत नाही. ती दिसते सातव्या महिन्यानंतर. आधीची तपासणी निर्दोष होती म्हणून डॉक्टरांना दोष देणे त्यामुळे रास्त होत नाही.

या गाठींत सर्वांत अधिक आढळते ती रक्तवाहिन्यांची गाठ. तिचा उपद्रव समजण्यासाठी शेताला पाणी देणारा पाट आठवावा. पाटाचे पाणी वाफ्यावाफ्यांतून हळूहळू जिरत जावे, अशी व्यवस्था असते. मध्येच भगदाड पडले, की पाणी आडवाटेने धावते. वाफे कोरडे राहतात आणि मोटेच्या बैलांना मात्र दुप्पट राबावे लागते. गाठीत असेच होते. रोहिणीतले रक्त केशवाहिन्यांत न शिरता थेट निलांमध्ये जाते. ते सारे पुन्हा पंप करता करता चिमुकले हृदय थकते, मोठे होते, आणि अखेरीस बाळाच्या अंगावर व पोटात पाणी साचते. रक्त गोठवणाऱ्या पेशीही गाठीत खर्ची पडतात. कधी कधी आईच्या अंगावरही सूज चढते.

दुसऱ्या प्रकारच्या गाठीत द्रवाच्या पिशव्या असतात. ती झपाट्याने वाढून शेजारच्या शिरा दाबू शकते. क्वचित प्रसंगी गर्भाशयातच सुईने ते पाणी काढून दाब कमी केल्याची उदाहरणे आहेत.

मग करायचे काय? पुष्कळदा लक्ष ठेवायचे, एवढेच. ऐकायला हे सोपे वाटते. आईला ते किती अवघड जाते, हे तिलाच ठाऊक. ठरावीक दिवसांनी गाठ मोजतात, डॉप्लरने रक्ताचा वेग पाहतात, बाळाच्या मेंदूतील रोहिणीच्या वेगावरून त्याला पांडुरोग झाला आहे काय हे अजमावतात. शंका राहिल्यास एम.आर.आय. करतात. हृदय शाबूत असेल तर दिवस भरू द्यावेत. ते हटू लागले तर प्रसूती लवकर करावी की आणखी थांबावे, हा खरा पेच. कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. गाठ मोठी असली तर ती प्रसूतीत फुटू नये म्हणून शस्त्रक्रियेने बाळ काढणे पसंत करतात. प्रसूती मात्र बालशल्यतज्ज्ञ आणि नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग हाताशी असेल तेथेच व्हावी, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही.

जन्मानंतर द्रवाची गाठ बहुधा कापून काढतात. रक्तवाहिन्यांच्या गाठीवर प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकारावरचे जुने औषध चालते, असे 2008 साली बोर्डो येथील डॉक्टरांना आढळले. परंतु ते जन्मानंतर वाढणाऱ्या प्रकारावर. जन्मतःच पूर्ण वाढलेल्या गाठीवर त्याची खात्री देता येत नाही. अशा गाठींपैकी कित्येक तर कुणी हात न लावता आकसू लागतात, आणि बाळ वर्षसव्वा वर्षाचे होऊन पावले टाकू लागते तोवर यकृतात गाठीच्या जागी जेमतेम एक लहानसा वण उरलेला असतो.