बांधावरची झाडे आणि कार्बन क्रेडिट



झाड हवेतला कर्बवायू शोषून खोडात, फांद्यांत, मुळांत कर्ब साठवते. असा एक टन वायू साठवल्याची तपासून झालेली नोंद म्हणजे एक कार्बन क्रेडिट. ते कंपन्या विकत घेतात. केंद्र सरकारने शेतीतील क्रेडिटसाठी जानेवारी २०२४ मध्ये आराखडा जाहीर केला.

हिशेब सोपा आहे. १०० किलो सुक्या वजनाच्या झाडात सुमारे ५० किलो कर्ब, म्हणजे हवेतला १८३ किलो कर्बवायू. अशा पाच-सहा झाडांमागे एक क्रेडिट. दहा-वीस झाडांत एकट्याचे भागत नाही, गट करा.

जुनी झाडे सहसा धरत नाहीत, नवी लागवड धरतात. लागवडीची तारीख, गट नंबर, जगलेली झाडे वहीत टिपा. मोजणी-तपासणी होऊन पैसा मिळायला काही वर्षे लागतात.

सही करण्याआधी विचारा :
१) करार किती वर्षांचा?
२) झाड कधी तोडता येईल?
३) खर्च वजा जाता माझा वाटा किती?

आगाऊ पैसे मागितल्यास आधी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा.

आंबा, साग, बांबू परवडतो म्हणूनच लावा. फळ-लाकूड हे दूध. क्रेडिट ही वरची साय!