दर्यावर पाच दिवस : आमचा पहिला क्रूझ प्रवास

"दर्यावर कोणी मौजेला जातो काय?" आम्ही क्रूझची तिकिटे काढली हे ऐकल्यावर अम्मींचा हा पहिला प्रश्न होता. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मरहूम अब्बा सत्तावीस वर्षे मालवाहू बोटींवर खलाशी होते. दहा-अकरा महिने बाहेर आणि दोन-तीन महिने घरी, असा त्यांचा संसार. दापोली तालुक्यातील आमच्या घरात बोट म्हणजे निरोप, बोट म्हणजे मनिऑर्डरची वाट पाहणे. त्या बोटीवर पदरचे पैसे भरून, सुट्टी घालवायला जायचे, हे अम्मींच्या पचनी पडत नव्हते.

खरे सांगायचे तर आमच्याही पडत नव्हते. आमच्यातील एक उर्दू शाळेत शिकवते, दुसऱ्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे. लग्नाला बावीस वर्षे झाली. या बावीस वर्षांत आम्ही घराबाहेर पडलो ते लग्नांसाठी, दवाखान्यासाठी आणि एकदा सर्व कुटुंबासह अजमेरला. दोघेच असे कुठे गेलो नाही. थोरली मुलगी शिकून नोकरीला लागली आणि तिनेच विषय काढला. "दादींना मी सांभाळते, तुम्ही जाऊन या."

पैशाचा प्रश्न होताच. चार रात्रींचे तिकीट, बंदराचे शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी मिळून दोघांचे ऐंशी हजारांच्या आसपास गेले. जाहिरातीत दिसणारा आकडा यापेक्षा बराच कमी होता. निम्मी रक्कम भिशीची, उरलेली दोन वर्षे बाजूला टाकलेली. "एवढ्यात अजून थोडे घातले असते तर उमराह झाला असता," असे एका नातेवाइकांनी तोंडावर सांगितले. आम्हाला ते लागले. रात्री दोघांनी वही काढून हिशेब मांडला. हजसाठीचे खाते वेगळे होते, त्याला हात लागत नव्हता. कर्ज नव्हते, व्याजाचा हप्ता नव्हता. जकात दिली होती. एवढे पाहून मग आम्ही ठरवले की जायचे.

जहाज आपल्याला नवे नाही

"क्रूझ" हा शब्द नवा असला तरी जहाजाचा प्रवास आपल्या समाजाला नवा नाही. कोकणातील किती घरांतून माणसे खलाशी, टिंडेल, सारंग म्हणून जगभर फिरली. १९९५ पर्यंत मुंबईहून हाजी लोक जहाजाने जिद्दाला जात असत. आमचे नाना सत्तरच्या दशकात असेच गेले. त्यांना निरोप द्यायला निम्मे गाव मुंबईला गेले होते. यलमलमची हद्द जवळ आली की जहाजावर सूचना व्हायची आणि सगळे एहरामात तयार व्हायचे, हे ते शेवटपर्यंत सांगत.

शिवाय भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटी होत्याच. हर्णैला बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावात उतरून किनाऱ्यावर यायची. लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी पाय टाकायचा. आमच्यातील एकाने लहानपणी असे उतरताना एक चप्पल दर्याला दिली आहे.

खिडकी नसलेली खोली

दिवाळीच्या सुट्टीत, सोमवारी दुपारी, आम्ही मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरील क्रूझ टर्मिनलवर पोहोचलो. विमानतळासारखीच तपासणी झाली. जहाज समोर आले तेव्हा मान वर करून पाहावे लागले. दहा-अकरा मजले, दुकाने, पोहण्याचा तलाव, नाट्यगृह. फोटोत पाहिले होते ते सारे तिथे होते.

आमची केबिन मात्र फोटोतली नव्हती. आम्ही सर्वांत स्वस्त, म्हणजे आतली केबिन घेतली होती. आतली केबिन म्हणजे तिला खिडकी नसते, हे तिकिटावर लिहिलेले होते, पण वाचणे वेगळे आणि राहणे वेगळे. दिवा मालवला की दिवस की रात्र कळत नाही. पहिल्या रात्री आम्ही दोघेही कुरकुरलो. मग अंधारात एकाच वेळी दोघांच्याही मनात आले की अब्बा असेच राहिले असतील. खलाशांच्या खोल्या तर याहून खाली, यंत्राच्या आवाजात. ते सुट्टीवर आले की अंगणात झोपत, पावसाळा सोडून बारा महिने. आम्हाला वाटायचे, त्यांना उकाडा सोसत नाही. त्यानंतर खिडकीची तक्रार आम्ही केली नाही.

निघण्यापूर्वी सर्वांना लाइफ जॅकेटची आणि संकटात कुठे जमायचे याची कवायत करावी लागते. ती सक्तीची असते. पुष्कळ जण त्या वेळी सेल्फी काढत होते. आम्ही लक्ष देऊन ऐकले. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ही हकिकत कोकणातील मुले आजीच्या तोंडून ऐकतच मोठी होतात.

नमाज आणि जेवण

आमच्या मनात सर्वांत मोठी शंका याच दोन गोष्टींची होती. जाण्यापूर्वी गावातील मौलाना साहेबांना विचारून घेतले. आम्ही कोकणी लोक शाफई. सफरात चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन रकाती, आणि जुहर-असर, मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलत. उभे राहता येत असेल तोवर उभे राहून, चक्कर आली तर बसून.

किब्ल्याची अडचण वेगळीच निघाली. पोलादी जहाजात मोबाइलमधील होकायंत्र वेडेवाकडे फिरते. शेवटी केबिनमधील टीव्ही कामी आला. त्यावर जहाज कुठे आहे आणि कोणत्या दिशेला चालले आहे याचा नकाशा दिसतो. जाताना जहाज दक्षिणेला जाते, म्हणजे किब्ला उजव्या हाताला, किंचित मागे. येताना तो डाव्या हाताला. एवढे समजल्यावर काम सोपे झाले. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये एकच जानमाज मावत होती, म्हणून आम्ही आळीपाळीने पढत असू. फजरला मात्र वरच्या उघड्या डेकवर जात होतो. त्या वेळी तिथे साफसफाई करणारी दोन मुले सोडली तर कोणी नसे. खाली काळे पाणी, वर तारे. जहाजांचे समुद्रात चालणे ही अल्लाहची निशाणी आहे, असा उल्लेख कुरआनात अनेक ठिकाणी येतो. शाळेत मुलांना आम्ही तो किती वेळा शिकवला असेल, पण तो डोळ्यांनी पाहिला तो तिथे.

जेवणाची रेलचेल होती. जैन जेवणाची वेगळी सोयही होती. मटण-चिकन हलाल आहे का, असे विचारल्यावर एकाने हो म्हटले, दुसऱ्याने विचारून सांगतो म्हटले, आणि ते उत्तर शेवटपर्यंत आले नाही. मग आम्ही मासे, अंडी आणि शाकाहार यांवरच राहिलो. उपाशी राहिलो नाही, पण हा खुलासा तिकीट काढण्यापूर्वी लेखी मागायला हवा होता. ती चूक आमची.

बोलायला काही नव्हते

जहाजावर दारूची दुकाने आहेत, जुगाराचा अड्डा आहे, रात्री उशिरापर्यंत मोठा आवाज असतो. कोणी बळजबरी करत नाही, पण ते टाळून जावे लागते. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा. आम्ही मागच्या बाजूचा एक शांत कोपरा शोधून काढला आणि पाचही दिवस तिथेच बसलो.

पहिल्या दिवशी गंमत झाली. आमच्याकडे बोलायला काही नव्हते. अम्मींच्या गोळ्या, धाकट्याची फी, दुकानाची उधारी आणि शाळेची तपासणी एवढे विषय तासाभरात संपले. दोन-अडीच तासांत मोबाइलची रेंज गेली. मग नुसते बसून राहिलो. त्या रात्री हर्णैचे दीपगृह दिसेल म्हणून रेलिंगला उभे होतो, पण जहाज किनाऱ्यापासून फार दूर होते. मासेमारी करणाऱ्या होड्यांचे दिवे तेवढे दिसले.

दुसऱ्या दिवशी, पाण्याकडे पाहता पाहता, एक गोष्ट निघाली. विसाव्या वर्षी आमच्यातील एकाने बोटीवर जायचे ठरवले होते. खलाशाच्या पुस्तकासाठी कागद जमवले होते, मुंबईला जायचा दिवसही ठरला होता. अम्मींनी ते कागद तांदळाच्या डब्यात लपवले आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. मग जाणे राहिले आणि पुढे दुकान आले. बावीस वर्षांत ही गोष्ट घरात कधी निघाली नव्हती. ऐकणारीने मग आपलीही सांगितली. बीएडनंतर उर्दूत एमए करायचे होते, अर्ज भरला होता, त्याच महिन्यात अब्बांना अर्धांग झाले. तो अर्ज अजून कपाटात आहे. दोघांपैकी कोणाचीच तक्रार नव्हती. फक्त एकमेकांना हे माहीत नव्हते.

आमची केबिन आवरणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला. आमची बोली ऐकून तोच थांबला. त्याची मुलगी सात महिन्यांची झाली होती आणि त्याने तिला अजून हातात घेतले नव्हते. मोबाइलवर रोज पाहतो, म्हणाला. आम्ही नेलेला आलेपाक त्याला दिला. पाकिटात बक्षीसही ठेवले. त्याने आलेपाक आमच्यासमोरच खाल्ला.

बेट दिसले, पाय लागला नाही

आमची सर्वांत मोठी अपेक्षा लक्षद्वीपची होती. छत्तीस बेटे, त्यांपैकी दहांवर वस्ती, २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम साडेचौसष्ट हजार लोक आणि जवळपास सगळे मुसलमान. तेही आमच्यासारखे शाफई. तिथल्या एखाद्या मशिदीत दोन रकाती पढू, असे मनात होते. या बेटांभोवती प्रवाळाची भिंत आणि आत उथळ पाणी असते. त्यामुळे मोठे जहाज बाहेरच थांबते आणि लहान होड्या माणसांना नेतात. म्हणजे आपला पडावच.

बुधवारी सकाळी बेट समोर आले. नारळीची एक रेघ, तिच्याखाली पांढरी रेती, आणि अलीकडे हिरवे-निळे पाणी. पण समुद्राला फुगवटा होता. होडी खाली-वर होत होती. दीड तास थांबवून, धोका नको म्हणून उतरणे रद्द झाल्याची घोषणा झाली. काही प्रवासी काउंटरवर भांडायला गेले. आम्हालाही फार वाईट वाटले. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांपुढे होते आणि जाता येत नव्हते. पण हर्णैच्या पडावाला हात धरलेल्या माणसाने ती लाट पाहिली आणि म्हटले, "यांनी बरोबर केले." मग आम्ही तिथेच, बेटाकडे पाहत, दुआ केली. परतताना रात्री पोटात ढवळले, गोळी घ्यावी लागली. शुक्रवारी सकाळी मुंबई आली आणि जुम्मा मिळाला.

जाणाऱ्यांसाठी

कोणी जाणार असेल तर आमच्या अनुभवावरून एवढे सांगतो. कर, शुल्क धरून पूर्ण रक्कम विचारा. हलालचा खुलासा लेखी घ्या. थोडे पैसे जास्त पडले तरी खिडकीची केबिन पाहा. उलटीचा त्रास होत असेल तर जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर जागा मागा, तिथे हेलकावे कमी लागतात. उतरण्याचे ठिकाण हवामानावर असते, म्हणून केवळ त्यासाठी जाऊ नका. घरी वृद्ध माणूस असेल तर निदान एक दिवसाचे वायफाय घ्या. आम्ही दुसऱ्या रात्री घेतले तेव्हा "दादी ठीक आहेत, भात-सार जेवल्या" हा मुलीचा संदेश मिळाला आणि मग झोप लागली.

अपेक्षा पूर्ण झाल्या का, असे सगळे विचारतात. जी यादी घेऊन गेलो होतो, तिच्यातल्या निम्म्याच झाल्या. ऐंशी हजार वाया गेले असे मात्र आम्हाला वाटत नाही. पुन्हा जाऊ का? इतक्यात नाही. पण दोघांनी मिळून घरापासून चार दिवस दूर बसायला हवे, मग ते हर्णैच्या पुळणीवर का असेना, हे आम्हाला उशिरा कळले. तुम्ही आमच्याइतका उशीर करू नका.

घरी आलो तेव्हा अम्मी पडवीत बसल्या होत्या. आम्ही मोबाइलवर जेवणाचे, तलावाचे फोटो दाखवले. त्यांनी ते भराभर पुढे ढकलले. मग जहाजाच्या मागे उठणाऱ्या फेसाचा, रात्री काढलेला एक व्हिडिओ आला. तो त्यांनी तीनदा पाहिला.

"यांची खोली कुठे असेल?" त्यांनी विचारले.

आम्ही फोटोत सर्वांत खाली, पाण्याला लागून असलेली जागा बोटाने दाखवली. "खिडकी नसते तिथे," असेही सांगितले.

अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कधी सांगितले नाही मला." आणि मोबाइल परत देताना, "तुम्ही बघून आलात, बरे केलेत."